पंधरावं मूल

रवि., ३० नोव्हें.

जर्सीवर घालायचे बिब्स धुतले, दोन बादल्या भरून. फक्की निघत नाही, नखांत जाऊन बसते. अ. पाचला उठला, फक्कीची गोणी स्कूटरवर पुढे ठेवून मैदानावर रेषा मारायला गेला. मी सातला गाडी घेऊन मागून. लेक मुक्ता, पाण्याचे जार, कोन, प्रथमोपचाराची पेटी, सहा डझन केळी. गोलच्या जाळ्या आमच्या गॅलरीत असतात. कपडे हॉलमध्ये वाळतात.

श्लोकची आई: "किती करतात हो अविनाश सर! आमच्याकडे रविवारी नऊशिवाय अंथरूण सुटत नाही. तुम्ही लकी आहात, वहिनी."

हसले. गाल दुखेपर्यंत.

मुक्ता शेवटची सात मिनिटं खेळली. टेबलावर तक्ता माझ्याकडे असतो, कोणतं मूल किती वेळ आत होतं ते लिहायचं. अ. येऊन हळूच म्हणाला, "अर्धी मॅच लिही. पुढच्या रविवारी भरून काढतो." लिहिली. अशी तिसरी वेळ.

मंगळ., २ डिसें.

कंपनीत जेवायच्या सुट्टीत बावीस मेसेज. मॅच आठला की साडेआठला? कबीरचा डावा बूट कुणाकडे? अद्विकला खोकला आहे, केळं देऊ नका. लीगच्या फॉर्मवर संपर्क म्हणून माझा नंबर. कारण अ. दिवसभर मीटिंगमध्ये असतो. मी जणू चाकणला हवा खायला जाते.

राग येतो तेव्हा मुद्दाम आठवते, की हे सुरू कसं झालं. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहा मुलं आणि एक फुटबॉल. पैसे घेणाऱ्या अकॅडमीतून मुक्ताला 'अजून तयार नाही' म्हणून दोन महिने नुसतं बसवलं होतं. अ. तिला घेऊन घरी आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याच आठवड्यात त्याने सोसायट्या फिरून आई-बाप गोळा केले. कुणी पगारी नाही, सगळे हौशी. नियम त्यानेच लिहिला: प्रत्येक मूल किमान अर्धी मॅच खेळेल, नाही खेळलं तर संघाचे गुण कापले जातील. टाइप मी केला. त्या दिवशी मला तो फार आवडला होता.

आता आठ संघ आहेत, त्यातला एक अ.चा.

रवि., ७ डिसें.

मुक्ता आज एक मिनिटही खेळली नाही.

मैदान बबनतात्यांचं आहे. मोशीतले जुने लोक. दोन टॉवरच्या मधला त्यांचा तुकडा अजून बांधकामाला दिलेला नाही, म्हणून पोरांना फुकट खेळू देतात. बांधावर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसतात. मॅच संपल्यावर मला बोलावलं.

"ताई, तुमच्या पोरीचा पाय-बिय मुरगाळलाय का?"

"नाही, तात्या. का?"

"न्हाई, दर ऐतवारी हितं माज्यापाशीच बसती म्हनून इचारलं. लई ग्वाड हाय. माज्या चारी म्हशींची नावं पाठ झाली तिला."

चारही म्हशींची नावं. मी टेबलावरून उठून कधी तिकडे बघितलंच नाही. आणि तक्त्यावर आजही 'अर्धी' लिहिलं.

येताना मुक्ता गाडीत मागे कोनांच्या ढिगाशेजारी बसली. स्कूटर पंक्चर, म्हणून अ. पुढे माझ्या शेजारी, फोनवर सातपुतेंशी, पुढच्या रविवारच्या पंचांबद्दल. सातपुते म्हणजे संयोजनातले दुसरे. तेवढे दोघेच काय ते, बाकी सगळे बघे.

सोम., ८ डिसें.

दूध पिताना मुक्ता म्हणाली, "आई, मला निळ्या टीममध्ये टाक ना. तिथले सर खेळवतील. नियमच आहे."

रडून नाही. बसचा स्टॉप बदलून मागावा तसं.

मी म्हटलं, "बाबांना किती व्याप असतो बघतेस ना." हे मी म्हटलं. गेल्या महिन्यातही हेच म्हटलं होतं.

गुरु., ११ डिसें.

आज बोलले. तो चहा करत होता.

"मुक्ताला का खेळवत नाहीस?"

"अगं, सात जागा, दोन हाफ. चौदा पोरांचं बसतं. आपल्याकडे पंधरा झाली."

"पंधरावं कुणी घेतलं?"

"कबीर उशिरा आला, आई रडायला लागली त्याची. नाही कसं म्हणणार?"

"मग दर रविवारी वेगळं मूल बसव."

"दुसऱ्याचं मूल बसवलं तर नियम मोडला म्हणतील. श्लोकचे बाबा मोबाइलवर टायमर लावून उभे असतात. दोन मिनिटं कमी पडली तर ग्रुपवर येतं."

"आणि मुक्ता बसली तर नियम मोडत नाही?"

म्हणाला, "ती घरची आहे. समजून घेते. उलट तिला जास्त खेळवलं तर म्हणतील, सरांची मुलगी म्हणून."

घरची. म्हणजे सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात जे राहील ते. असं म्हणालेही मी. त्याला वाटलं मी स्वयंपाकाबद्दल बोलतेय. "मग आज बाहेरून मागवू," म्हणाला.

इतका चांगला माणूस आहे, की भांडायला कुठे धरायचं तेच कळत नाही. हात लावावा तिथे चांगुलपणा.

शुक्र., १२ डिसें.

कंपनीत मापं तपासताना धातूच्या बुशांचा अख्खा लॉट परत पाठवला. केसाइतका फरक. सप्लायरचा माणूस गयावया करत होता, "मॅडम, चालून जाईल हो, कुणाला कळणारे?" मी म्हटलं, मला कळलंय ना. लाल स्टिकर लावला.

बसमध्ये बसल्यावर रविवारचा तक्ता आठवला. चार रविवार मी काय लिहितेय?

रवि., १४ डिसें.

केलं.

पहिला हाफ, मुक्ता बाहेर. दुसरा हाफ, दहा मिनिटं राहिली, बाहेर. बूट घालून, लेस आवळून, रेषेला लागून उभी. अ.ने तिच्याकडे बघितलं, मग श्लोकच्या बाबांकडे, मग पुन्हा मैदानाकडे. शिट्टी झाली. आपण जिंकलो, तीन-एक. पोरं त्याच्या अंगावर चढली. मुक्ता वाकून लेस सोडत होती.

मी तिच्या नावापुढे शून्य लिहिलं. त्याच तक्त्यावरचे मागचे चार रविवारही खोडून खरं ते लिहिलं. खाली सही.

सातपुते तक्ता गोळा करायला आले. वाचला. पुन्हा वाचला.

"वहिनी, हे चुकून झालंय का?"

"आधी चुकीचं होतं. आता बरोबर आहे."

"अहो, सरांच्याच संघाचे गुण जातील! सेमीफायनल जाईल हातची."

"जाऊ दे."

"पोरं खूश आहेत हो..."

"एक नाहीये."

श्लोकची आई मागेच उभी होती. "वहिनी, घरातलं भांडण घरात ठेवायचं असतं," म्हणाली. पंधरा दिवसांपूर्वी लकी होते मी.

अ. तिथे आला, तक्ता पाहिला, कोन उचलायला गेला. एकेक कोन. मदतीला कोणी आलं नाही. मीही गेले नाही.

सोम., १५ डिसें.

घरात बोलणं बंद. फक्त "चावी कुठेय", "गॅस बंद केलास का".

आणि मुक्ता. मला वाटलं होतं... काय वाटलं होतं कोण जाणे. गळ्यात पडेल? शाळेतून आली ती दप्तर आपटूनच.

"तू कशाला लिहिलंस?"

"खरं होतं म्हणून."

"तुला कुणी सांगितलं होतं लिहायला? अनन्या माझ्या बाकावर बसली नाही आज. म्हणते तुझ्यामुळे सेमीफायनल जाणार. आता बाबांनी खेळवलं तरी सगळे म्हणणार, आईने भांडून खेळवलं!"



मी तिला आधी विचारलं नव्हतं. त्याने विचारलं नाही, मीही नाही. दोघांनी तिच्यावर आपापलं तत्त्व चालवलं. हे लिहिताना पेन कागदात घुसतंय. राग नक्की कुणाचा आहे आता? त्याचा आहेच. पण माझाही येतोय, आणि तो जास्त बोचतोय.

मंगळ., १६ डिसें.

श्लोकच्या बाबांचा फोन, कंपनीत. "मॅडम, तुमचा मुद्दा रास्त असेल. पण बाकीच्या चौदा पोरांची काय चूक?"

ओरडायचं होतं. पण प्रश्न बरोबर होता. त्यांची काहीच चूक नाही. म्हटलं, "हाच प्रश्न तुम्ही पंधराव्या मुलीबद्दल पाच रविवारांत एकदा तरी विचारायला हवा होता."

"आम्हाला वाटलं तुमचं तुम्ही बघून घेतलं असेल."

सगळ्यांना हेच वाटलं. पंधरा पोरं, तीस आई-बाप, बांधावर चहा पीत उभे. विचारलं कुणी, तर तात्यांनी.

बुध., १७ डिसें.

अ.ने सकाळी ग्रुपवर लिहिलं. भला मोठा मेसेज. 'नियम मी केला आणि मीच मोडला. जबाबदारी सर्वस्वी माझी आहे. नियमाप्रमाणे आमच्या संघाचे गुण कापावेत. मुलांची मी माफी मागतो.'

दुपारपर्यंत साठ-सत्तर नमस्कार आणि अंगठे. 'हॅट्स ऑफ सर.' 'असे लोक आहेत म्हणून लीग आहे.' 'मोठं मन लागतं.' श्लोकच्या आईने तर डोळ्यांत पाणी आल्याचं चित्र टाकलं. निळ्या संघाच्या कुणीतरी लिहिलं, पुढच्या सीझनला सरांचा सत्कार ठेवू या.

सत्कार!

मुलीला पाच रविवार बाहेर बसवलं, त्याचाही सत्कार होणार. हा माणूस चूक करूनही वर येतो आणि मी खरं लिहून भांडकुदळ. बसमध्ये मोबाइल पर्समध्ये कोंबला तेव्हा चेन तुटली.

गुरु., १८ डिसें.

संध्याकाळी विचारलं, "मुक्ताशी बोललास?"

"ग्रुपवर लिहिलंय ना सगळं."

"मुक्ता ग्रुपवर नाहीये. अकरा वर्षांची आहे ती."

"कळलं असेल तिला."

"कुणाकडून? अनन्याकडून?"

तो सोफ्यावर बसला. म्हणाला, "तिच्यासमोर काय बोलायचं कळत नाही मला. दुसऱ्यांच्या पोरांशी बोलता येतं."

"का?"

"ती अकॅडमीत बसायची ना, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, माझ्या मैदानावर तुला कुणी बसवणार नाही."

हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं त्याच घरात राहून माहीत नव्हतं.

दया आली. लगेच त्या दयेचाही राग आला. शब्द देऊन विसरला असता तर एक वेळ सोडलं असतं. याला आठवत होतं. लेस आवळून उभ्या असलेल्या मुलीकडे बघताना आठवत होतं.

शनि., २० डिसें.

गुण कापले. सेमीफायनल गेली. उद्याची साखळीतली शेवटची मॅच नुसती नावाला.

मुक्ता म्हणाली, "मी उद्या येणार नाही."

मी म्हटलं, "मीही नाही." तिने माझ्याकडे बघितलं. मैत्रीने नाही, पण बघितलं.

रवि., २१ डिसें.

अ. एकटाच गेला. नेहमीसारखा पाचला उठून. टेबलावर कोण बसलं, केळी कुणी नेली, माहीत नाही. विचारलं नाही. मुक्ता आणि मी साडेनऊला उठलो. पोहे. ती दोन घास खाऊन चित्रं काढत बसली. मधेच म्हणाली, "तात्या आज एकटेच असतील." एवढंच.

तो एरवी रविवारी दीडशिवाय घरी येत नाही. आज अकराला दारात. सगळ्या मॅच संपायच्या आत.

"काय रे, झालं काय?"

"सातपुतेंच्या हातात शिट्टी देऊन आलो."

हातपाय धुतले नाहीत. चपला दारातच. मुक्ताच्या खोलीपाशी उभा राहिला. पन्नास पोरांवर ओरडणारा माणूस. बोटाने दाराची कड खरवडत राहिला. शेवटी, "मुक्ता, खाली येतेस जरा? बॉल नको घेऊ. नुसती ये."

ती माझ्याकडे न बघता गेली.

गॅलरीतून दिसत होते. पार्किंगच्या कठड्यावर दोघं, मधे एका माणसाची जागा सोडून. तो बोलत होता, हात नेहमीसारखे हलत नव्हते, मांडीखाली दाबून ठेवलेले. ती पायाने खडा इकडून तिकडे करत होती. मग ती बोलायला लागली. बराच वेळ तीच बोलत होती. एकदा उठून उभी राहिली, बोट त्याच्या छातीकडे. त्याने मान खाली घातली. वॉचमन पाण्याच्या टँकरसाठी फाटक उघडत होता, त्या आवाजात एक शब्द वर आला नाही.

जावंसं वाटत होतं. गेले नाही. कठडा घट्ट धरून उभी होते, इतका की तळहातावर वळ उठले. मला माझंही बरंच बोलायचंय त्याच्याशी, आणि ते अजून सुरूच झालेलं नाही. पण आधी तिचं.

अर्ध्या तासाने बेल. मुक्ता एकटीच. नाक लाल. फ्रिज उघडून बाटलीने गटागटा पाणी प्यायली.

"बाबा?"

"खाली आहेत."

"येतायत का?"

"बसू दे त्यांना थोडं." बाटली ओट्यावर ठेवली. "जेवायला हाक नको मारूस. मी मारेन. मला वाटलं की."

आणि आपल्या खोलीत गेली. दार लावलं नाही, पण लोटलं.