डुकराचा रुपया

१४ ऑक्टोबर २०२५

खण्ण — आणि मग लांबत, बारीक होत जाणारी किणकिण. आजोबा दुकानाच्या पायरीवरच्या काळ्या फरशीवर रुपया टाकायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. गिऱ्हाईक श्वास धरून उभं. खोटा रुपया नुसता थप् म्हणायचा. आज दुपारच्या झोपेत तोच आवाज आला. दचकून उठलो, तर सुनेच्या हातून मोरीत पळी पडली होती.

डॉक्टरांनी काल सांगितलं — काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. घरी येऊन नाण्यांचा डबा उघडला. सालं दिसेनात. राजा आहे की राणी एवढं कळतं, तेही उन्हात धरलं तर. ही वहीसुद्धा जाड पेनानं, अंदाजानं लिहितोय.

मुलाचा, अनिलकुमारचा, पुण्याहून फोन. सगळं एकदम सराफाला देऊन टाका की बाबा, कटकट मिटेल. सराफ म्हणजे मूस! जन्मभर जमवलेलं एका दुपारी पाणी होणार. नाही. एकेक देईन. जो बघेल त्यालाच देईन.

१९ ऑक्टोबर

नाणेवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले. अपेक्षानं काढून दिले. सून गुणी आहे, पण तिला सगळी नाणी सारखीच. "मामा, ह्याच्यावर डुक्कर का हो?" — हे मात्र तिला दिसलं! मग सांगत बसलो. १९११ चा रुपया. राजाच्या झग्यावर हत्ती कोरलेला, पण सोंड इतकी आखूड की लोकांना डुक्कर वाटलं. बोंबाबोंब झाली, सरकारनं परत घेऊन मुशीत आटवले. पुढच्या सालापासून सोंड लांब. त्या आटवण्यातून सुटलेला एक माझ्याकडे आहे. म्हटलं, बघ, सोंडेच्या लांबीवरून नशीब ठरतं. ती म्हणाली, कुकर झालाय.

२५ ऑक्टोबर

दोघांनी मागितलं.

एक दुधनीची मुलगी, दानेश्वरी. तिथं घरची भुसाराची अडत आहे, ती चालवते. वडील गुरप्पा अर्धांगवायूनं पडून, पण नाण्यांचं वेड जुनं. त्यांना डुकराचा रुपया हवाय. तरुणपणी एकदा हातात येऊन गेला होता म्हणे. फोनवर मला अज्जा म्हणते, म्हणजे आजोबा. अर्धं कन्नड, अर्धं मराठी, पण गोड.

दुसरे नातेपुत्याचे आबासाहेब. त्यांना कुठलंच वेड नाही! मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीच्या कलशात घालायला चांदीचा रुपया पाहिजे, "साधा चालंल, खरा पायजे." कबूल केला, १९१८ चा. हत्ती, सोंड, सगळं जिथल्या तिथं.

२९ ऑक्टोबर

पाठवायचं कसं?

चौकातल्या कुरिअरवाल्याकडे गेलो. नाणी, दागिने घेत नाही म्हणाला. मग हळूच — "की-चेन लिहा की आजोबा, कोण बघतंय?" आणि हरवलं तर? हरवलं तर फक्त भाडं परत. ग्रुपवर विचारलं तर दहा तोंडं. कुणी म्हणे लग्नपत्रिकेत चिकटवा, कुणी म्हणे साबणाच्या वडीत खाच करून बसवा. स्वस्त सगळंच आहे. पण की-चेन लिहिलेल्या पाकिटात राजाला कोंबू? ज्याची खरी किंमत लिहायला आपण घाबरतो, त्याची भरपाई तरी कुठल्या तोंडानं मागायची?

पोस्टात गेलो. तिथं विमा आहे. खरी किंमत लिहायची, तिच्या मानानं विम्याचे पैसे. कापडात शिवायचं, शिवणीवर लाख, लाखेवर आपला शिक्का. महाग पडतं, पण झोप लागेल.

आतून तारखेच्या शिक्क्याचा आवाज येत होता. एक हलका, दोन जड, एक हलका, दोन जड. लगागा लगागा! भुजंगप्रयात! रांगेत उभ्या उभ्या चौथीचा वर्ग आठवला. मास्तर छडीनं टेबलावर ताल धरायचे, आम्ही झुलत कविता म्हणायचो. पाठीमागचा माणूस म्हणाला, आजोबा, सरका पुढं.

३ नोव्हेंबर

पोस्टातून पाकिटं परत आणली. लाखेवर मी पंचम जॉर्जचा दुसरा एक रुपया दाबून छाप उठवला होता. किती सुरेख उठला होता राजा! काउंटरवरच्या बाई हसल्या. नाण्याचा छाप चालत नाही. "नाणं काय, कुणाकडं बी असतंय की. पाकीट फोडून तसलाच छाप परत मारला तर कळणार कसं?"

खरं आहे. इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही.

ज्या चादरीच्या दुकानात मी नोकरी केली, तिथली पितळी मोहोर माळ्यावर होती. अपेक्षानं काढून दिली.

५ नोव्हेंबर

पाकिटं नव्यानं केली. कातरून टाकलेल्या कापडातून दोन्ही रुपये बाहेर काढले आणि राहवेना. शेवटचं एकदा ऐकावं म्हणून फरशीवर टाकले. खण्ण! एक. खण्ण! दुसरा. दोघांचा सूर एकच. शाळेतली पाठ होती ती कविता मोठ्यानं म्हटली, दुसऱ्या कडव्यात अडलो, परत सुरुवात केली. मन लेकीला सासरी धाडताना होतं तसं झालं होतं.

अपेक्षा दारात येऊन म्हणाली, मामा, मी एकदा बघते, मग शिवा. म्हटलं, तू स्वयंपाक बघ. मी तुझ्या जन्माच्या आधीपासून नाणी ओळखतो.

बोलायला नको होतं तसं. ती ओट्याकडं गेली.

६ नोव्हेंबर

दोन्ही पाकिटं गेली. लाख, मोहोर, विमा, पावती. वजन दोन्हीचं सारखं भरलं.

डबा हलका झाला, छाती नाही.

१० नोव्हेंबर

दानेश्वरीचा फोन. मला वाटलं, वडिलांचा आनंद सांगायला. तर म्हणते —

"अज्जा, हत्तीला सोंड आहे."

मला कळेचना. मग सावकाश सांगितलं. पाकीट तिनं अप्पांच्या खाटेवर बसून उघडलं. लाख शाबूत होती. आत १९१८ चा रुपया. अप्पांनी भिंग लावून पाहिला आणि तोंड फिरवलं.

मी म्हटलं, बाई, मी डुकराचाच घातलाय. ती म्हणाली, मग हा कसा आला?

मला काय विचारतेस!

१२ नोव्हेंबर

पोस्टात गेलो. बाईंनी सगळं नीट सांगितलं. लाख शाबूत, वजन बरोबर. म्हणजे वाटेत काही झालं नाही. वाटेत न झालेल्या नुकसानाला विमा मिळत नाही.

रिक्षात बसून हिशेब लावला. वाटेत काही झालं नाही. मी चुकलो नाही. मग उरलं कोण?

ग्रुपवर हा प्रकार नवा नाही. भारीतलं नाणं घ्यायचं, घरातलं साधं पुढं करायचं आणि 'हेच आलं' म्हणून गळा काढायचा. ह्याला बदली म्हणतात. अज्जा, अज्जा करून बदली!

१३ नोव्हेंबर

ग्रुपवर नाव घालून लिहिलं. अपेक्षाला सांगून टाइप करवून घेतलं. ती दोनदा म्हणाली, नाव नको मामा, आधी जरा थांबा. आवाज चढवला मी. लिही म्हटलं.

संध्याकाळपर्यंत पन्नास जणांनी खाली अंगठ्याची खूण टाकली. कुणीतरी लिहिलं, बाप पडून आहे हे तरी खरं का? ते वाचून दाखवताना अपेक्षाचा आवाज बदलला. पुढचं वाच म्हटलं.

१६ नोव्हेंबर

दानेश्वरी ग्रुपमधून गेली.

दुधनीचे दोन व्यापारी ग्रुपवर आहेत. अडतीत सगळ्यांना कळलं असणार. जिथं पोतं तोंडी बोलीवर सुटतं, तिथं अशा नावाचं काय होत असेल, हे मला कळतं. मीही दुकानात आयुष्य काढलंय. कळतं, आणि तरी मन म्हणतं — भोग!

असं माझं मन नव्हतं. डोळ्यांबरोबर हेही जातं का?

१९ नोव्हेंबर

तिचा फोन. घ्यायचा नव्हता, पण नाव दिसलं नाही आणि उचलला.

भांडली नाही. आवाज बसला होता. म्हणाली, काल भुसाराच्या एका व्यापाऱ्यानं आमचं पोतं परत तोललं. अप्पांच्या काळापासून कधी कुणी तोललं नव्हतं. मग म्हणाली, "पैसे नकोत मला, अज्जा. अप्पा माझ्याकडं बघत नाहीत. त्यांना वाटतं, मीच विकला कुठं तरी. तुम्ही फक्त त्यांना एकदा सांगा, की तुमची पोरगी तशी नाही."

मी म्हटलं, मला जे माहीत नाही ते मी कसं सांगू?

 मागं कुणाचा तरी खोकला ऐकू आला. मग ठेवला तिनं.

२० नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

२३ नोव्हेंबर

डबा उघडलाच नाही कालपासून. कुणाला द्यायचं आणि कशाला? लाख कापडावर लागते, माणसावर लागत नाही. अनिलकुमारला फोन केला. म्हटलं, सराफ बघ. तो म्हणाला, बरं झालं बाबा.

बरं झालं!

रात्री शाळेतली ती कविता म्हणून बघितली. पहिलं कडवं तेवढं आलं. दुसरं कुठं गेलं कोण जाणे. छडीचा ताल ऐकू येतो, शब्द नाहीत. आधी अक्षरं गेली, मग माणसांवरचा विश्वास, आता पाठांतर. माणूस असाच थोडा थोडा आटत जात असेल.

२७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. अपेक्षानं कलश मांडला. माझ्याशी कामापुरतं बोलते. तेरा तारखेपासून असंच. ताट वाढते, औषध देते, थेंब घालते डोळ्यांत. थेंब घातल्यावर आज म्हणाली, "त्या मुलीच्या जागी मी असते तर, मामा?"

डोळे मिटलेले होते. बरं झालं.

२९ नोव्हेंबर

सराफ बुधवारी येणार. वजनावर घेणार. सालं बघणार नाही म्हणाला, टाइम नाही.

१ डिसेंबर

सकाळी दार वाजलं. सराफ चुकून आजच आला वाटून मी उठलोच नाही. अपेक्षानं उघडलं.

धोतर, टोपी, अंगाला कांद्याचा वास. आबासाहेब, नातेपुत्याचे! मार्केट यार्डात रात्री कांद्याची गाडी घेऊन आले, आणि पत्ता विचारत विचारत इथवर. पाणी प्याले आणि कनवटीची पुरचुंडी सोडून माझ्या तळहातावर एक रुपया ठेवला.

"पाकीट देव्हाऱ्यातच ठिवलं हुतं. गुरुवारी फोडलं. कलशात घालताना नातवानं बघितलं अन् हसाया लागला, म्हनला आज्या, ह्येच्यावर डुक्कर हाय. आमची कारभारीन बजाबाई लई चिडली. लक्ष्मीम्होरं हत्ती पायजे, डुक्कर कशाला? म्हनली ज्येचा हाय त्येला नेऊन द्या. पोस्टात टाकायचं भ्याव वाटलं, म्हून सोता आलो."

अपेक्षानं रुपया माझ्या हातातून घेतला. दारातल्या उन्हात नेला. परत आली. नुसता माझा फोन आणून माझ्या मांडीवर ठेवला.

मी आत येऊन हे लिहितोय, कारण बाहेर बसवत नाही. आबासाहेबांचा चहा झाला असावा. भिंतीपलीकडून ते तिला विचारताहेत —

"मग आमचा सोंडवाला कुनाकडं गेला, पोरी?"