आत्याची पत्रं आणि पंचवीस व्हॅम्पायर

१२ जुलै १९९३, सोमवार. लातूर.
आजपासून रोजनिशी. एकही दिवस चुकवायचा नाही.
खोली मिळाली. माझी मुलगी तनुजा बारावी सायन्सला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, तिन्हीला क्लास. डॉक्टर होणारच. मी शिरूर अनंतपाळच्या हायस्कूलमधून वर्षाची रजा घेतली आहे. तिथे मी ग्रंथपाल. लातूरला पोरांसोबत घरचं एक मोठं माणूस येऊन राहतं, तशी रीतच आहे.
खरं तर केवळाअक्का येणार होती. माझी थोरली बहीण. तनुजाची आई गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती, तेव्हापासून अक्कानंच वाढवली. पण अक्काला लिहितावाचता येत नाही. अभ्यासाच्या घरात तिचं काय काम? तिला तिच्या सासरच्या घरी, किल्लारीकडे, पाठवून दिलं. लगेच पिशवी उचलली. पटलं असावं.
मोकळ्या वेळात माझं पुस्तक: भयकथांच्या रसिकांनी वाचायलाच हव्यात अशा पंचवीस व्हॅम्पायर कादंबऱ्या. ओळख, गुणदोष, पाचपैकी तारे. दिवाळीपर्यंत हातावेगळं.

८ ऑगस्ट, रविवार
गंजगोलाईत ताहेरभाईचं जुन्या पुस्तकांचं दुकान. सहा इंग्रजी कादंबऱ्या आणल्या. चारांना कव्हर नाही, त्यामुळे नाव नाही. क्रमांक दिले. ताहेरभाई म्हणाला, गुरुजी, पोरगी बारावीला अन् तुमी भुतं वाचून राहिले. मी म्हणालो, हे साहित्य आहे.
क्र. २: चार तारे. पहिली शंभर पानं कुणी मरत नाही म्हणे, हे मागच्या पानावर दिलंय. माझी अकरा झाली. डिक्शनरी लागते. वेग वाढेल.
तनुजा म्हणाली, आत्याला बोलवा ना. नाही म्हणालो. पत्र लिही म्हणालो. अक्काची उत्तरं तिचे शेजारी अण्णाराव लिहून देतात, ती सांगते तशी.

३० सप्टेंबर, गुरुवार
पहाटे चारच्या आत जमीन हलली. सगळी गल्ली रस्त्यावर. मी अजिबात घाबरलो नाही. तनुजाच्या आधी बाहेर आलो ते वाट मोकळी करायला.
दुपारी रेडिओवर किल्लारीचं नाव. तनुजाला सांगितलं, आत्याला काही झालेलं नसणार. तिचं घर दगडी आहे, मजबूत.

१ ऑक्टोबर, शुक्रवार
जाऊन आलो. अण्णाराव गावाबाहेरच भेटले. अक्काला त्यांनीच ओळखलं. चला म्हणाले, तोंड बघून घ्या. मी गेलो नाही. धूळ फार होती, मला सोसत नाही. लाकडं पुरत नव्हती. सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला.
अण्णाराव सांगत होते, बाई परवाच म्हणून राहिली होती, लातूरला जाते, पोरीला बघून येते. मग म्हणली, नको, माजा भाऊ शेषेराव रागं भरंल.
हे मला सांगायची काही गरज नव्हती.

४ ऑक्टोबर, सोमवार
निर्णय. तनुजाला परीक्षा होईपर्यंत कळू द्यायचं नाही. मागच्या वर्षी शेजारच्या खोलीतल्या पोराचे आजोबा गेले, आईबापांनी सहा महिने दाबून ठेवलं, पोरगं मेरिटला आलं म्हणे. इथं असंच करतात.
तिला सांगितलं: आत्या तंबूत आहे, पाय दुखावलाय, रोगराईमुळे बाहेरच्यांना जाऊ देत नाहीत. पत्र मात्र पोचवता येईल. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, बरं. आणि लिहायला बसली.
पोरं भोळी असतात.

१२ ऑक्टोबर, मंगळवार
अक्काचा तेरावा. गेलो नाही. गेलो असतो तर तनुजाला संशय आला असता. ती सकाळीच क्लासला गेली, दिवसभर जादा प्रॅक्टिकल म्हणाली. किती मेहनत करते.
तिच्या पत्राला उत्तर लिहिलं. अक्काचं. डाव्या हातानं. ‘माजे बाई, पाय बरा हाय. तंबूत लई बाया हायेत, करमतं. तू माजी काळजी करू नको. तुज्या बापाला कडक भाकर चालत न्हाई, तेवढं बघ.’ चांगलं उतरलं. अण्णारावांनी कुणाच्या तरी हाती पाठवलं, असं सांगितलं.
यात खोटं फक्त एवढंच की ती नाही. बाकी सगळं ती म्हणालीच असती.

५ नोव्हेंबर, शुक्रवार
दिवाळी आली. पुस्तक आता बारा कादंबऱ्यांचं. निवडक असलेलं बरं.
क्र. ५ वाचून राहिलो आहे. मेलेल्या लेकीसाठी आईबाप रोज ताट वाढतात, ती असल्यासारखं बोलतात. मग एके दिवशी ती दारात उभी. या प्रकारात एक नियम आहे: व्हॅम्पायर आपण होऊन उंबरा ओलांडत नाही, घरच्यांनी ये म्हणावं लागतं. कल्पना उत्तम. पण घरातली माणसं अगदीच मूर्ख. आपण काय करतोय हे त्यांना कळत कसं नाही? एक तारा कापला.
ताहेरभाईला हे सगळं सांगितलं. तो चहा ओतता ओतता थांबला. म्हणाला, गुरुजी, पोरीशी एकदा बसून बोला. मी म्हणालो, कशाबद्दल? म्हणाला, असंच. माणूस भला आहे, पण वाङ्मयाची जाण नाही.

१९ डिसेंबर, रविवार
गल्लीतले बहुतेक लोक पुन्हा घरात झोपायला लागले. मी अजून अंगणात. मोकळी हवा लागते मला. दोन घोंगड्या, मफलर, कानटोपी. खोकला झाला तो धुरानं.
तनुजाचं पत्र अवघड होतं. आत्याला विचारलंय, तुला माझा राग आला का, तू निघालीस तेव्हा मी हट्ट करून तुला ठेवून घ्यायला पाहिजे होतं. उत्तर चार वेळा फाडलं. शेवटी: ‘तुजा राग न्हाई गं. ज्यानं लावून दिलं त्याचा बी न्हाई.’ दुसऱ्या वाक्याची गरज नव्हती. पण पत्र फार छोटं वाटत होतं.
उद्यापासून क्र. ६. रोज पाच पानं, काही झालं तरी.

२० फेब्रुवारी १९९४, रविवार
हिशेब प्रामाणिकपणे: अक्काची पत्रं अठरा, व्हॅम्पायर साडेपाच. पुस्तकाऐवजी दिवाळी अंकात लेख देणं शहाणपणाचं.
उत्तराला उशीर झाला की तनुजाच विचारते, आत्याचं काही आलं का? परीक्षा तोंडावर असून माणसं विसरत नाही. हे संस्कार माझे. म्हणजे अक्काचे.

२४ मार्च, गुरुवार. दुपार.
आज शेवटचा पेपर, बायोलॉजी. आली की सांगणार. तयारी पक्की आहे: आधी लस्सी, मग थोडी प्रस्तावना, मग बातमी. ती रडेल. मी धीर देईन. मी खंबीर आहे याचा तिला आधार वाटेल.

संध्याकाळ.
लस्सी झाली. प्रस्तावना सुरू केली, तर तनुजा म्हणाली, आप्पा, राहू द्या, मला माहीत हाय.
कधीपासून, विचारलं. म्हणाली, तुमी गावाकडून आले त्या दिवसापासून. कपडे न बदलता भिंतीकडं तोंड करून बसले होते. मी अण्णारावकाकांकडं निरोप पाठवून विचारलं. तेराव्याला ती गेली होती. प्रॅक्टिकल नव्हतं. ताहेरभाई टेम्पोतून भांडी-पांघरुणं घेऊन निघाला होता, त्यानं नेलं आणि आणून सोडलं. तिथं बायांनी तिला विचारलं, भाऊ का आला न्हाई? तिनं सांगितलं, आजारी हायेत.
मी म्हणालो, मग पत्रं कशाला लिहीत होतीस?
म्हणाली, तुमी दहा-बारा दिवस नुसत्या चहा-पाण्यावर होते. आत्याचं पहिलं उत्तर तुमी लिहिलं त्या दिवशी पोटभर जेवले. म्हणून मग दर आठवड्याला लिहीत गेले. परीक्षा होईस्तोवर तुमाला काही सांगायचं न्हाई, असं ठरवलं होतं.
पेपर कसा गेला, विचारलं. म्हणाली, बायोलॉजी गेला. बाकीचेही फार बरे नाहीत.
मी धीर देणार होतो. तिनंच पाठीवरून हात फिरवला. अक्का फिरवायची तसा.

२५ मार्च, शुक्रवार
अक्का गेली. मी तिला तिकडं पाठवलं.
तनुजा म्हणाली, तुमच्या नावानं एक पत्र लिहा आत्याला, उद्या गावाकडं जाऊ तेव्हा घेऊन जाऊ. कागद काढून दिला. सकाळपासून बसलो आहे. आता दुपारचे साडेतीन.
‘ती. अक्कास’ एवढं झालं आहे.