मोनालीने फुपाटा खाल्ला

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
आखाजीच्या आधीचा सोमवार

तीर्थस्वरूप चुडामण दाजींच्या पायांवर लोटूचं डोकं. (डोकं धुऊन ठेवलंय. कागदावर जे करडे डाग दिसतील ते रस्त्यावरच्या फुपाट्याचे आहेत, चहाचे नाहीत. सध्या आमच्या घरात जे काही आहे त्यावर फुपाटा आहे, माझ्यासकट.)

तुमच्या डोळ्याचं कसं आहे? थेंब वेळेवर टाकता ना, की निर्मलाताईने बाटली घेऊन मागे धावावं लागतं? ताईच्या गुडघ्याला आराम असेल अशी आशा करतो. इकडे सगळं क्षेम आहे. मनकर्णाची तब्येत उत्तम, माझ्याशी बोलते आहे, म्हणजे राग मध्यम आहे. (जास्त झाला की ती गप्प होते, आणि ते दिवस फार शांततेत जातात.) म्हैस व्यायली, रेडा झाला. केळी उन्हाने माना टाकून उभ्या आहेत. तुम्ही म्हणाल, लोट्या, खिशात फोन असताना हे पत्राचं खूळ कुठून काढलंस? दाजी, तुम्हाला फोन लावला की तुम्ही माझी खुशाली विचारत नाही. म्हणता, "तिच्याजवळ ने, चालू कर, आवाज ऐकव." रावेरला ओट्यावर बसून तुम्ही बऱ्हाणपुरातल्या इंजिनची नाडी बघता. म्हणून हा कागद. कागदाला काही ऐकू येत नाही, ही त्याची फार मोठी सोय आहे.

दिवाळीत डॉक्टरांनी तुमचं गाडी चालवणं बंद केलं आणि तुम्ही मोनाली माझ्या हवाली केली, तो दिवस मी विसरलेलो नाही. (ट्रकच्या कपाळावर लेकीचं नाव लिहायची तुमची हौस मोठी, पण आम्हाला त्याचा फार ताप होतो. मनकर्णाची मावशी आली होती. तिच्यासमोर मी सहज बोललो की मोनालीने कालपासून वीस लिटर डिझेल प्यायलं, पण चढावर दम धरत नाही. मावशीने पदर तोंडाला लावला. खरी मोनाली पुण्याला नोकरीला आहे आणि ती फक्त चहा पिते, हे पटवायला मला तिचा फोटो दाखवावा लागला.) तर त्या दिवशी तुम्ही मला पोरगी सासरी पाठवताना सांगतात तसं बजावलं. कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटू नको, फुपाटा खाली बसू दे, मग जा. फिल्टर आपटू नको, धुऊ तर बिलकुल नको. आणि फिल्टरकडून इंजिनकडे जो रबरी पाइप जातो तो रोज हाताने चाचपून बघ, कारण फिल्टरच्या पलीकडून आत शिरलेली धूळ कुणाच्या बापाला अडवता येत नाही. शेवटी म्हणालात, "हिच्या पोटात धूळ गेली तर मी माझी लेक परत घेऊन जाईन." मग बॉनेटवर हात फिरवलात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात. मी टायर बघत असल्याचं सोंग केलं. मला भरून आलं होतं, आज लिहून टाकतो.

आता रस्त्याचं ऐका. आपल्या मळ्यापासून डांबरीपर्यंतचा रस्ता पाण्याच्या पाइपलाइनवाल्यांनी खणला, बुजवला, पुन्हा खणला, आणि मग कंटाळून सोडून दिला. जी माती वर आली तिचं ट्रॅक्टरांनी दळून पीठ केलं. पीठही नाही, बाळाच्या अंगाला लावायची पावडर समजा. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जातो आणि आवाजसुद्धा होत नाही. एक गाडी गेली की मागच्याला दुपारी लाइट लावावी लागते. केळी तर काढावीच लागतात, पिकलेला घड रस्ता दुरुस्त व्हायची वाट बघत नाही. तरी तुमची शपथ, मी पुढच्या गाडीपासून लांब राहिलो. इतका लांब राहिलो की मधे शेळ्यांचा कळप घुसायचा, सायकली घुसायच्या, एकदा तर एक म्हातारी काठी टेकत मला ओलांडून गेली आणि जाताना विचारून गेली की बाबा, गाडी बिघडली का?

इतकं करून माझं समाधान होईना, हीच खरी गडबड. मळ्यात मी घडांना पांढऱ्या पिशव्या घालतो, तुम्ही बघितल्या आहेत. धूळ नाही, किडा नाही, फळ कसं नवरीसारखं स्वच्छ निघतं. मी म्हटलं, जी पिशवी केळ्याला सांभाळते ती मोनालीला का नाही सांभाळणार? हवा ओढायचं जे तोंड आहे त्यावर एक पिशवी चढवली. छान दिसली. म्हणून दुसरी चढवली. फुपाटा वाढला तशी तिसरी. मनकर्णा म्हणाली, तुम्ही स्वतःच्या तोंडावर तीन पिशव्या घालून जिना चढून दाखवा, मग तिला घाला. मी म्हटलं, इंजिनचं बाईमाणसाला काय सुधरतं. (हे वाक्य मी मागे घेतलं आहे. दोनदा घेतलं आहे. ती अजून घेऊ देत नाही.)

पिशव्यांमुळे मोनाली धापा टाकायला लागली, तेव्हा मी बॉनेट उघडलं. आणि दाजी, तिथे मला तो रबरी पाइप दिसला. त्याला बोटभर चीर पडलेली. तुम्ही रोज चाचपायला सांगितलं होतं, मी रोज चाचपायचं ठरवत होतो. त्या वेळी मळ्यात उभा होतो, माल भरून तयार, बाजार चुकत होता. अशा वेळी केळीवाला माणूस काय करतो? खाली वाकतो आणि सोपट उचलतो. केळीच्या त्या वाळक्या सालीने आपण घड बांधतो, झोपडीचं दार बांधतो, माझ्या बापाने त्याने एकदा पळपुटा बैल बांधला होता. मी सोपट पाण्यात भिजवलं, चिरेवर सात-आठ वेढे मारले, गाठ अशी आवळली की मलाच माझा अभिमान वाटला. ओलं सोपट किती घट्ट बसतं, तुम्हाला माहीत आहे. पण इंजिनजवळ ते वाळून चुरा होतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कारण आमच्या वाडवडिलांनी सोपटाने इंजिन कधी बांधलंच नव्हतं.

पुढचं लग्नसराईत घडलं. शहरात इतवाऱ्यातून जात होतो, समोर वरात. घोड्यावर नवरदेव, पांढरीशुभ्र शेरवानी, पुढे बँड. मी अदबीने कडेला थांबलो. वरात बाजूने सरकली तेव्हा मी ॲक्सिलेटरवर जरा पाय दिला आणि मोनालीने जो काळा धूर सोडला, दाजी, त्यात नवरदेव गेला, घोडा गेला, करवली गेली, फक्त बँडचा ढोल वाजत होता म्हणून वरात अजून आहे हे कळत होतं. धूर विरला तेव्हा नवरदेवाची शेरवानी सुतकी रंगाची झाली होती. मग मोनालीने एक उचकी दिली आणि बंद पडली, बरोबर घोड्यासमोर. नवरदेवाचा मामा माझी कॉलर धरायला आला, पण गाडी हटल्याशिवाय मुहूर्त गाठता येईना. शेवटी त्याच मामाने, करवलीच्या नवऱ्याने आणि सगळ्या बँडवाल्यांनी मिळून मोनालीला ढकललं. बँडवाल्यांच्या कोटांची सोनेरी बटणं मागच्या फळीला अजून अडकलेली आहेत. लग्न लागलं, काळजी नसावी.

आणि त्याच संध्याकाळी तुमचा फोन! मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. शेजारच्या प्रकाशचा ट्रॅक्टर चालू करून फोन त्याच्याजवळ धरला. तुम्ही जरा वेळ ऐकलंत आणि म्हणालात, "हा ट्रॅक्टर कुणाचा रे? आणि माझी पोरगी का बोलत नाही?" मी नेटवर्क, नेटवर्क असं ओरडून फोन ठेवला. त्यानंतर माझा फोन लागत नाही अशी तुमची तक्रार असेल. लागतो. मी त्याला पाटाखाली ठेवला आहे.

मग दगा मिस्तरीला बोलावलं. त्याने पिशव्या एकेक करून काढल्या, जादूगार रुमाल काढतो तशा, आणि प्रत्येक पिशवी उंच धरून गल्लीला दाखवली. मग सोपट दिसलं. तो खालीच बसला हसत. म्हणाला, "लोटूभाऊ, मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा!" मी पुढून तोंड जितकं आवळलं तितकी ती बिचारी मागच्या चिरेतून जोर लावून श्वास ओढत होती, आणि ती चीर फिल्टरच्या पलीकडची, तिथून फुपाटा सरळ पोटात. म्हणजे मी जितकी जपली तितकी ती धूळ खात गेली. मिस्तरीने पाइपात बोट घालून बाहेर काढलं, बोटावर पीठ. इंजिनच्या आत रिंगा घासल्या, सिलेंडर घासले, तेल प्यायला लागली. दाजी, मी मळ्यात जाऊन एकटाच बसलो. तुम्ही तिला माझ्या हातात दिलं होतं आणि मी राखू शकलो नाही. तुम्ही तिला परत न्याल या भीतीपेक्षा तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होतात ते आठवून जास्त वाईट वाटलं. मनकर्णाने तिथे भाकरी आणून दिली आणि बह्याड, बिनडोक म्हणाली, पण हळू म्हणाली.

असो. ताईला आखाजीच्या सणाला माहेरी पाठवावं ही विनंती. मनकर्णाने सांजोऱ्यांचं पीठ चाळून ठेवलंय (दोनदा, फुपाट्यामुळे). तापीच्या राजघाटावर ताईला फिरवून आणू. तुमच्या डोळ्याला जपा, धुरात जाऊ नका, विशेषतः आमच्या.

तुमचा, शिव्या खायला पात्र असा,
लोटू

ता. क. आखाजीला लेकी माहेरी येतात, हा काही मी काढलेला नियम नाही. तर मोनालीनेच काय पाप केलं? तिलाही माहेरी पाठवावं असं आमच्या घरात ठरलं आहे. तिचं इंजिन आजवर तुम्हीच उघडलंत, तुम्हीच बसवलंत. डॉक्टरांनी गाडी चालवायला मना केलं आहे, पाना धरायला नाही. ताईने डॉक्टरांना विचारून घेतलं आहे.

ता. क. २. नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही. हे पत्र टपालाने येत नाही, मोनालीच्या केबिनमधून येतं आहे. तुम्ही हे वाचता आहात म्हणजे प्रकाशने तिला त्याच ट्रॅक्टरने ओढत तुमच्या दारात आणून सोडली आहे. सीटखाली मावा जिलबी आहे, ताईला द्या. लेक रिकाम्या हाताने येत नाही.

ता. क. ३. मनकर्णा म्हणते, खरं लिहा. दगा मिस्तरी चार दिवसांत नीट करून देतो म्हणत होता, आणि तो देतोही. मी हात लावू दिला नाही. ताई फोनवर मनकर्णाला सांगत होती की दिवाळीपासून तुम्ही रोज सकाळी पान्यांची पेटी काढता, सगळे पाने पुसता, आणि पेटी बंद करून ठेवता. तुम्हाला ती परत घ्यायचीच असेल तर ठेवून घ्या, मी काही बोलणार नाही. सोपट जिथे होतं तिथे पुन्हा बांधून ठेवलंय, म्हणजे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघून मनसोक्त शिव्या देता येतील. सावकाश करा, पावसाळ्यापर्यंत घाई नाही. आणि ज्या दिवशी ती चालू होईल त्या दिवशी मला फोन लावा, काही बोलू नका, नुसता तिच्याजवळ धरा. पाटाखालून फोन काढून ठेवला आहे. या वेळी मी ऐकतो.