शंकासुराची निरवानिरव

मी, सरला शैलेंद्र उपासनी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त इंजिनिअर, राहणार चँडलर, ॲरिझोना, हे सर्व स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. नुसते असे म्हटल्याने कोणी विश्वास ठेवणार नाही, मीही ठेवला नसता. म्हणून डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे आणि त्याच्या मागे कोड्यांच्या खेळातले गेल्या महिन्याचे माझे गुण. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. कोणी तरी पाळतीवर आहे असा संशय मात्र होता, ते प्रकरण पुढे येईल.

इंग्रजी मृत्युपत्र वकील आसावरी यांच्याकडे आहे. त्यात आणि यात फरक आढळला तर मालमत्तेपुरते इंग्रजी खरे धरावे, माणसांपुरते हे.

कलम १. हे घर, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक माझा मुलगा देवांग, राहणार सांता क्लारा, आणि मुलगी रुही, राहणार फ्रिस्को, यांना निम्मी निम्मी. ऑक्टोबरमध्ये केलेल्या मृत्युपत्रात मी देवांगला वगळले होते. ते रद्द समजावे. देवांगला ते आज पहिल्यांदाच कळत असेल, तर बाळा, कलम सहा वाच आणि मग राग धर.

कलम २. गराजमधला सूक्ष्मदर्शक, सोल्डरिंगचे सामान आणि चिमट्यांचा डबा रुहीला. एकतीस वर्षे मी चिपच्या कारखान्यात बिघाड-तपासणी केली. बिघडलेली चिप माझ्या टेबलावर यायची आणि ती का बिघडली ते मी शोधायचे. त्या कामाने एकच शिकवले. 'सगळं ठीक आहे' असे जो म्हणतो त्याने नीट पाहिलेले नसते. शंतनू नावाच्या सहकाऱ्याने माझा एक अहवाल स्वतःच्या नावावर खपवला होता. त्याची मूळ प्रत, माझ्या हस्ताक्षरातल्या खुणांसकट, त्याला टपालाने पाठवावी. पत्र जोडू नये. त्याला कळेल.

कलम ३. सहा वर्षांपूर्वी शैलेंद्र गेले. त्यानंतर रुहीने हातात धरून खेळायचे यंत्र आणून दिले. 'आई, ट्राय तर कर, यू विल लव्ह इट.' आपल्या आईशी फोनवर बोलत बसावे लागू नये म्हणून ही सोय असावी, असा मला संशय आला. तसे असेल तर सोय चांगली निघाली.

'पटावर' नावाची, अमेरिकेतल्या मराठी खेळाडूंची एक जागा इंटरनेटवर आहे. लोक तिथे आपापल्या आवडत्या खेळांवर हिरिरीने मते मांडतात. तिथला रिवाज असा, की एखाद्याने एखादा खेळ डोक्यावर घेतला आणि दुसऱ्याने शंका काढली, तर स्तुती करणाऱ्याने शंका काढणाऱ्याला त्या खेळाची एक कॉपी भेट पाठवायची. घेणाऱ्याने दहा तास खेळून प्रामाणिक मत लिहायचे. मी तिथे 'शंकासुर' या नावाने वावरते (घरच्यांना हे मीच सांगितले आहे), आणि शंका काढायला मला कष्ट पडत नाहीत. असे त्रेचाळीस खेळ जमले. त्यांतल्या एकतीसांना मी 'बरा आहे' म्हटले आहे, जे माझ्याकडून पुष्कळ झाले. संग्राम नावाचा एक सभासद मला चारचौघांत फुकटी म्हणाला होता. त्याने पाठवलेला रेल्वेचा खेळ मी दहा नव्हे, दोनशे तास खेळले. हे त्याला माझ्या पश्चात कळवावे. आधी नको, डोक्यावर चढून बसेल.

कलम ४. त्या त्रेचाळीसपैकी सव्वीस कॉप्या एकाच माणसाने पाठवल्या. नाव 'गोळाभात'. अनोळखी माणूस सव्वीस वेळा देतो म्हणजे त्याला बदल्यात काही तरी हवे असते, हे न कळायला मी काल जन्मलेले नाही. आधी वाटले, हा बँकेचा नंबर मागेल. मागितला नाही. मग वाटले, म्हातारीला गोड बोलून घरापर्यंत पोचेल. घराचा विषयही काढला नाही. तो फक्त विचारायचा, 'काकू, दीपगृहाच्या खेळाचा शेवट पाहिलात का?' मी लिहायचे, शेवट बावळट आहे. तो लिहायचा, 'बावळट नाही, घाईत केलाय. दोन्हींत फरक आहे.' यावर आम्ही आठ-आठ दिवस भांडायचो.

सकाळी चहाचे आधण ठेवले की मी आधी त्याचा निरोप आला का ते बघायचे. हे कबूल करायला मला तीन वर्षे लागली.

बोलण्याच्या ओघात घरचेही निघायचे. सुनेबद्दल मी त्याला जे जे लिहिले ते इथे पुन्हा लिहिण्याची माझी हिंमत नाही.

कलम ५. ही सून म्हणजे देवांगची बायको प्रीता. चार वर्षांपूर्वी मी स्वयंपाकघरात घसरून पडले आणि फोन हाताशी नसल्याने दोन तास फरशीवर तशीच होते. उजवे मनगट मोडले. देवांग आणि प्रीता धावत आले, तीन आठवडे राहिले. ते निघायच्या दिवशी फ्रिजवरच्या परडीमागे मला एक कॅमेरा सापडला. प्रीताने लावला होता, मला न विचारता.

मी म्हणाले, "माझ्याच घरात मला आरोपी केलंस?"

ती म्हणाली, "आई, परत पडलात तर आम्हाला कळावं म्हणून लावला हो."

"कळावं म्हणून, की मी एकदाची कधी जाते ते बघावं म्हणून?"

आणि या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस, असे मी तिला सांगितले. तिने ते पाळले.

कॅमेरा मी कचऱ्यात फेकला असे सर्वांना सांगितले होते. ते खोटे आहे. तिसऱ्या दिवशी मी तो सवयीने उघडून तपासला. तो चित्रे साठवतच नव्हता. कोणी जमिनीवर आडवे झाले तरच फोनवर इशारा द्यायचा, एवढेच त्याचे काम. हे मला चार वर्षांपासून माहीत आहे आणि मी कोणालाही बोलले नाही. विचारून लावायला हवा होता, एवढे तिचे चुकले. बाकीचे सगळे माझे.

कलम ६. गेल्या उन्हाळ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. गोळाभातचे बहुतेक खेळ एका हाताने खेळता येण्याजोगे होते. माझे मनगट अजून दुखते हे मी 'पटावर' कधीच लिहिलेले नव्हते. म्हणजे घरातले कोणी तरी फितूर होते.

कारखान्यात दोष कुठल्या यंत्रात आहे ते कळेनासे झाले की आम्ही प्रत्येक यंत्रातून वेगळ्या खुणेची चिप सोडायचो. ऑक्टोबरमध्ये मीही तसेच केले. रुहीला सांगितले, ऐकू कमी येते. शेजारच्या शोभाला सांगितले, डावा अंगठा धरतो. देवांगला फोनवर सांगितले, बारीक अक्षरे वाचवत नाहीत. तिन्ही गोष्टी खोट्या. नवव्या दिवशी गोळाभातकडून भेट आली. खेळ असा, की त्यात वाचायला एक अक्षर नव्हते.

म्हणजे देवांग. पोटचा मुलगा टोपणनावाने आईवर पाळत ठेवतो, तिचे डोके चालते की नाही ते तपासतो, आता घर विकून मला सांता क्लाराला नेऊन टाकणार. त्याच आठवड्यात आसावरींकडे जाऊन मी मृत्युपत्रातून त्याचे नाव काढून टाकले.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला तो एकटाच आला. बॅटरी संपत आल्याने धुराचा अलार्म चिवचिवत होता म्हणून शिडीवर चढला. दोन्ही हात छताला, त्याचा फोन माझ्यासमोर टेबलावर. आणि तेवढ्यात माझ्या यंत्रावर निरोप आला. 'काकू, शेवटचा पूल ओलांडलात का?' म्हणजे पाठवणारा देवांग नव्हता, पण बातमी त्याच्याकडूनच गेली होती.

मी खालून विचारले, "देवांग, माझा फोन येतो तेव्हा तू कुठे असतोस रे?"

"कारमध्येच. घरी ड्राइव्ह करताना. स्पीकरवर टाकतो."

"एकटाच?"

"नो, प्रीता असते ना. वी कारपूल."

"ती काही म्हणते?"

"नाही. शी जस्ट लिसन्स. आई, बॅटरी दे ना."

तो गेल्यावर मी साडेतीन वर्षांचे सगळे निरोप पुन्हा वाचले. कॅमेऱ्यावरून मी सुनेला शिव्या घातल्या होत्या, त्याला गोळाभातचे उत्तर असे होते. 'विचारून लावायला हवा होता, काकू. ती चुकलीच. पण तुम्ही दोन तास फरशीवर होतात, ते ऐकून तिचे हातपाय गळाले असतील.' दोन तासांचे मी कुठेही लिहिले नव्हते. ती माझी माफी मागत होती, आणि मी खाली उत्तर दिले होते, 'तुला काय ठाऊक ती कशी आहे.'

गोळाभात हा पदार्थ नागपूरकडचा, प्रीताही नागपूरची. एकतीस वर्षे दोष शोधणाऱ्या बाईला एवढे दिसू नये! पण नागपूरचे इंजिनिअर या देशात पोत्याने आहेत, आणि संशय घ्यायच्या नादात मी ज्याच्यावर घ्यायचा त्याच्यावर घेतलाच नाही.

कलम ७. मला कळले आहे हे प्रीताला माहीत नाही. मी अजून शंकासुर म्हणूनच लिहिते. सांगितले तर ती ओशाळेल आणि लिहिणे बंद करील याची मला भीती वाटते. माझ्याशी असे भांडणारे दुसरे कोणी मला नाही.

म्हणून इथे लिहिते. प्रीता, मी तुला घराबाहेर काढले आणि तरी तू मला एकटी पडू दिले नाहीस. मला माझी लाज वाटते. तू हे मायेने केलेस की कर्तव्य म्हणून, ही शंका अजून मनात आहे. कर्तव्य म्हणून केले असशील तर ते मला कळू देऊ नकोस.

माझे खेळांचे खाते, त्रेचाळीस खेळांसकट, प्रीताला. कायद्याने असे देता येत नाही. तो करार मी अथपासून इतिपर्यंत वाचला आहे. असे करणारी मी बहुधा एकटीच असेन. त्यात लिहिले आहे की खेळ माझे कधी नव्हतेच, मला फक्त खेळू दिले होते, आणि ती परवानगी माझ्याबरोबर संपते. कंपनीने तिचे म्हणणे मांडले, मी माझे मांडते. पासवर्ड कॅमेऱ्याच्या डबीत आहे आणि डबी शिलाई मशीनच्या खणात.

कलम ८. आसावरी म्हणतात, ज्याला काही मिळणार आहे त्याला शक्यतो साक्षीदार करू नये. कायद्याच्या दृष्टीने प्रीताला मी काहीच देत नाही. म्हणजे ती साक्षीदार होऊ शकते. मी देवांगला फोन केला की एक साक्षीदार कमी पडतो आहे, प्रीताला पाठव. फोन गाडीत स्पीकरवरच होता. उत्तराला तिचाच आवाज आला, "कधी येऊ, आई?"

साक्षीदाराने सही होताना पाहायची असते, मजकूर वाचायची सक्ती नसते. पाने मी टेबलावर उघडी ठेवणार आहे. वाचायचे की नाही ते तिने ठरवावे. मी बघणार आहे.

स्थळ: चँडलर, ॲरिझोना
दिनांक: १५ मार्च २०२५, शनिवार

लिहून ठेवणार: सरला शैलेंद्र उपासनी (सही)

साक्षीदार १: शोभा, शेजारीण (सही)
साक्षीदार २: प्रीता देवांग उपासनी (सही)

साक्षीदार क्र. २ यांच्या सहीबाबत खुलासा: त्यांनी पानांकडे पाहिलेही नाही. "तुमचं खासगी आहे आई, मी कशाला वाचू? सही कुठे करायची तेवढं दाखवा," असे म्हणून त्यांनी पेन उचलले. ते मी त्यांच्या हातातून काढून घेतले आणि कलम पाच, सहा व सात मोठ्याने वाचून दाखवली. शोभा तेवढा वेळ बाहेर जाऊन उभी राहिली. सही त्यानंतरची आहे, म्हणून ती ओळीखाली घसरली आहे आणि दोन ठिकाणी शाई फुटली आहे. सही प्रीताचीच आहे, माझ्यासमोर झालेली आहे. तिच्यावर कोणीही संशय घेऊ नये.