माळ्यावरची वाटणी

मी, जोतीराम गुंडा अडसूळ, वय त्रेसष्ट, धंदा सुतारकाम, राहणार कडेगाव, जिल्हा सांगली, कानाने जन्मापासून बहिरा आणि डोक्याने शाबूत, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. वकीलसाहेबांच्या नमुन्यात शेवटी असं होतं, की "वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी ऐकला व मला मान्य आहे." ते वाक्य मी खोडलं. जन्मात पहिल्यांदा काही ऐकायचं आणि तेही मृत्युपत्रात, हे मला पटलं नाही.

माझ्या डोक्याविषयी पुढे कोणी शंका काढील, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना डॉक्टरांनी विचारलं, "यांना कसले आवाज ऐकू येतात का?" आमच्या कर्णबधिर संघाची सचिव शिवांजली मला हातांनी सांगत होती, तिचे हात मध्येच थांबले आणि ती हसायला लागली. मी कागदावर लिहून दिलं, "आले असते तर तुमच्याकडे पेढे घेऊन आलो असतो." डॉक्टरही हसले. मग त्यांनी विचारलं, "आणि कोणी दिसतं का?" त्यावर मी खरं तेच लिहिलं. ते पुढे येईल.

कलम १. घर. कडेगावात एसटी स्टँडच्या मागे, रस्त्याला लागून असलेलं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर वडिलांच्या पश्चात वाटणीत माझ्याकडे आलं. थोरला भाऊ नानासो याला मागची जागा आणि ऊस मिळाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पत्नी सुलाबाई वारली, मूलबाळ नाही. सबब हे घर मी आमच्या तालुका कर्णबधिर संघाला कायमचं देत आहे. पुढची खोली संघ आजही वापरतोच आहे. यात माळा धरलेला नाही.

कलम २. माळा. या कलमावर वकीलसाहेब माझ्याशी दोनदा भांडले. म्हणाले, "काका, घर खुशाल द्या, पण माळ्याचं काढा. तुमचा पुतण्या कोर्टात गेला तर एवढ्या एका कलमावर तुम्हाला वेडा ठरवतील आणि संघ रस्त्यावर येईल." मला ते कळतं. आमच्यातल्या पोराबाळांना बसायला तालुक्यात दुसरी जागा नाही, हेही कळतं. तरी कलम राहील. माझ्या बहिणीबद्दल गप्प राहण्यात या घराने पुष्कळ वर्षं घालवली आहेत.

माझी बहीण मनुबाई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तीही बहिरी. आम्हा दोघांची हातांची भाषा तिनेच काढली होती. उसाची खूण, पावसाची खूण, वडील रागावलेत याची खूण. शिडीवरून पडून माझी डावी भुवई फुटली होती, म्हणून माझं नाव भुवईवर दोन बोटं. आईचा मार चुकवायला आम्ही माळ्यावर लपायचो, तिथेच मनुबाईने चोरलेला गूळ आणि शेंगा असायच्या. वर बोट केलं की माळा. घरात आणखी कोणाला ही भाषा येत नव्हती आणि कोणी शिकलंही नाही.

मी आठ वर्षांचा झालो तेव्हा वडिलांनी मला सांगलीकडच्या बहिऱ्यांच्या निवासी शाळेत घातलं. मी मुलगा म्हणून मला. तिला नाही. एसटीत बसवताना ती मला माझ्या नावाने बोलावत होती आणि पंजा उताणा करून विचारत होती, कुठे? मला तरी काय माहीत? शाळेची खूण आमच्या भाषेत नव्हती. तिला कोणी काही सांगितलं नाही, मलाही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तर मनुबाई नाही. मी आईला वेणी दाखवून, मग पंजा उताणा करून विचारलं. आईने तोंडात पदर धरला आणि बोट वर केलं. मला केवढा आनंद झाला. मी शिडी लावली आणि माळ्यावर चढलो. हळदीची मडकी बाजूला केली, कडबा उपसला, गोधड्या झाडल्या. ती लय हुशार, बरी लपून बसली आहे असं वाटलं. खाली उतरलो, आईला पुन्हा विचारलं, तिने पुन्हा बोट वर केलं. मी पुन्हा चढलो. अख्खी सुट्टी मी तिला माळ्यावर शोधत होतो आणि खाली सगळे बघत होते. ती मेली आहे हे मला पुढच्या वर्षी शाळेत कळलं, एका मुलाने मरणाची खूण शिकवली तेव्हा.

मी गेल्यापासून ती रोज स्टँडपुढे रस्त्यावर जाऊन उभी राहायची. तोंड सांगलीच्या रस्त्याकडे, एसटी मला घेऊन गेली तिकडे. ट्रक पाठीमागून आला. ड्रायव्हर म्हणाला, हॉर्न दिला होता. गावही तेच म्हणालं. नानासो तिथेच होता, त्यानेही घरी येऊन तेच सांगितलं. "हॉर्न दिला हुता की." लोकांच्या ओठांवरून मला वाचता आलेलं पहिलं वाक्य हेच आहे, इतक्या वेळा ते आमच्या घरात बोललं गेलं.

आता डॉक्टरांना लिहिलं ते. मनुबाई मला दिसते. माळ्याच्या कडेला पाय सोडून बसलेली असते, अकरा वर्षांची, तेलकट वेण्या. मी जेवत असलो, रंधा मारत असलो, संघाची बैठक चालू असली तरी दिसते. भुवईवर दोन बोटं ठेवते आणि पंजा उताणा करते. कुठे? मी तिला आज सगळ्या खुणा करून दाखवू शकतो, शाळा, सांगली, लग्न, संघ. तिला त्यातली एकही येत नाही. मला भीती वाटते ती याची, तिची नाही. सुलाबाईला मी हे सांगितलं होतं. तिने वेडा म्हटलं नाही. दर दिवाळीला ती शिडीच्या पायथ्याशी एक करंजी ठेवायची.

सबब माळा कोणाच्याही वाटणीला नाही. तो मनुबाईचा आहे. तिथे संघाचं सामान ठेवू नये. शिडी जागची हलवू नये, पायऱ्या सैल झाल्या तर बाभळीच्या बसवाव्यात.

कलम ३. संघ. लोक विचारतात संघ कशासाठी काढला, आणि सभेत मी पास, सवलती, नोकऱ्या असं सांगतो. खरं काम पहिल्या दिवसापासून एकच. तालुक्यात कुठल्याही बहिऱ्याच्या घरात कोणी वारलं, की आमच्यातला एक जण जातो, समोर बसतो आणि कोण गेलं, कसं गेलं, कुठे नेलं, हे हातांनी नीट सांगतो. पोरगं लहान असलं तरी सांगतो, प्रेत दाखवून सांगतो. पुष्कळ गावांत आमची मोटारसायकल दिसली की लोक दचकतात. दचकू देत. हे काम बंद पडल्यास घर संघाकडे राहणार नाही. ते चालतं की नाही हे शिवांजलीने बघावं. ती ऐकणारी असली तरी तिचे आईवडील आमच्यातले आहेत. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं कामही मी तिलाच देतो.

कलम ४. हत्यारं. रंधे, करवती, पटाश्या संघात जो सुतारकाम शिकेल त्याला. पटाशी उसनी देऊ नये. परत येते ती दुसऱ्याचीच.

कलम ५. बंधू नानासो. याला मी काही देणार नव्हतो. पण आता त्याला ऐकू कमी येतं, आणि तो दारात एकटाच बसून रस्त्यावरच्यांचे ओठ बघत असतो. गेल्या महिन्यात सायकलवाल्याने त्याला धडक दिली आणि म्हणाला, "आवं, घंटी वाजवली की मी." नानासोने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही. सबब संघाच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची त्याला हयातभर दिली आहे. त्याच्याशी बोलताना समोर जाऊन बोलावं. मागून आवाज देऊन आपण सुटलो असं कोणी समजू नये.

कलम ६. पुतण्या रविराज. याला रस्त्याकडेचे गाळे काढायचे आहेत. माळ्याचं कळल्यावर त्याने मोबाईलवर लिहून दाखवलं, "काका, माळ्यावर कोण न्हाई. उंदरं हाईत नुसती." उंदीर मलाही दिसतात रं, बाबा. त्यांना वेण्या नसतात. रविराजला माझं मनगटी घड्याळ. पोरगा वाईट नाही, घाईत आहे. त्याची बायको रेश्मा मात्र लग्न होऊन आल्यापासून आमच्या खिडकीत उभी राहून बघून बघून हातांची भाषा शिकली. त्या घरातली ती पहिली. तिने साक्षीदार म्हणून सही करावी अशी मी विनंती केली. नवऱ्याला काय सांगशील, असं विचारलं. तिने हातांनीच सांगितलं, "खरं."

कलम ७. माझं मरण. मला पुढच्या खोलीत ठेवावं. आमच्यातल्या सर्वांना, लहान पोरांनासुद्धा, जवळ आणून दाखवावं. त्यानंतर, उचलायच्या आधी, शिवांजलीने शिडी चढून माळ्यावर जावं. बॅटरी स्वतःच्या हातांवर धरावी, म्हणजे हात दिसतील. कोणी दिसलं नाही तरी चालेल. डाव्या भुवईवर दोन बोटं ठेवावीत आणि मग पंजा छातीकडे ओढावा. जोती येतोय. एवढंच. "गेला" असं सांगू नये, ती परत कुठे म्हणून विचारील. आणि बोट वर करू नये. ती वरच आहे, तिला त्यातून काही कळायचं नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी लिहिलं, स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, आणि शिवांजलीने दोन्ही साक्षीदारांसमोर मला ते हातांनी सांगितलं. त्यात काही चूक नाही.

ठिकाण : कडेगाव
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२४

सही
जोतीराम गुंडा अडसूळ

साक्षीदार :

१. डॉ. विश्वजित मोहिते, कडेगाव. लिहून देणारे पूर्ण शुद्धीवर आहेत. कलम २ सह.

२. सौ. रेश्मा रविराज अडसूळ, कडेगाव. कलम ७ मधली खूण मी शिकून घेतली आहे. शिवांजलीताई त्या दिवशी गावात नसल्या, तर शिडी मी चढेन.