अर्धं तोरण

५ नोव्हेंबर
आजही काम केलं. शिवणीच्या लाकडाच्या सुया — क्रोशाच्या. सुरीने आकडा काढला, मूठ कोरली, कानशीने घासल्या, खोबरेल चोळलं. हात चालतात. मी कुठे असतो कोण जाणे.
आई म्हणाली, "जेवक ये." गेलो. काय वाढलं होतं आठवत नाही.

७ नोव्हेंबर
स्वप्ना गेली ती गणपतीच्या आधी. तापाने. माझी धाकटी बहीण. लोक वाटेत थांबवून हळहळतात, मी मान हलवतो. रडू येत नाही. त्याची लाज वाटते.
सुया मी करायचो, विणायची ती. गिऱ्हाइकांशी बोलायचीही तीच. स्वतःची सुई मात्र हातात धरून धरून बघायची. "दादा, अंगठो हय रुतता. जरा काढ." मी सुरीने तिथे तासून द्यायचो. चार चार वेळा!

११ नोव्हेंबर
स्वप्नाची विणकामाची टोपली खिडकीत तशीच आहे. तिने दारासाठी विणायला घेतलेलं तोरण — निम्मं झालंय.
आई आज परत म्हणाली, "उसव ता. सूत तरी कामाक येयत." मी नाही म्हटलं. मोठ्याने.
नाहीतरी यंदा दाराला तोरण लागणार नाही. वर्षभर सण नाही.

१४ नोव्हेंबर
शेजारची संचिता आली होती. म्हणाली, मी पुरं करते. बसली, थोडं विणलं, थांबली. "ह्या माका जमाचा नाय रे. हिचा सगळा उलट जाता."
स्वप्ना डावखुरी. ताटावर बसली की आई त्या हातावर चापट मारायची — "उजव्या हातान जेव गो." ती ऐकायची नाही. आईसुद्धा पूर्वी विणायची, उजव्या हाताने, सगळ्या गाठीच गाठी. स्वप्ना हसायची. मग आईने सोडूनच दिलं.
संचिताने आपले टाके काढून तोरण परत ठेवलं. म्हणजे आता ते असंच राहणार. राहू दे.

१५ नोव्हेंबर
काही नाही. पॉलिश पेपर संपला.

१८ नोव्हेंबर
कोल्हापूरच्या एका बाईंनी मागवलेल्या सहा सुया जामसंड्याला जाऊन पोस्टात टाकल्या.

२६ नोव्हेंबर
पार्सल परत आलं. बाई फोनवर फार सांभाळून बोलल्या. "सुरेख आहेत हो, पण अंगठ्याची खोबण उलट्या बाजूला आलीय. हातात बसत नाहीत."
एक काढून उजव्या हातात धरली. टोचते. डाव्यात धरली — बसली. बाकीच्याही तशाच.
विकायच्या सुया मी कायम उजव्या करतो. डावी फक्त तिची. इतक्या वर्षांत कधी चुकलो नव्हतो. सहाच्या सहा स्वप्नाच्या हाताच्या केल्या आणि मला कळलंसुद्धा नाही.
वाईट वाटायला हवं होतं. सुया तिच्या टोपलीत टाकल्या आणि चहा प्यालो.

२८ नोव्हेंबर
दुपारी खळ्यातून आत आलो तर आई खिडकीत. मांडीवर तोरण, परत आलेली सुई डाव्या हातात. नवी ओळ स्वप्नाच्या ओळीला लागून सरळ चाललेली. एक गाठ नाही.
मान वर न करता म्हणाली, "माझोय हात डावोच. ल्हान आसताना आयेन फडक्यान बांधून घातल्यान."
मग सुई माझ्यापुढे धरली. "अंगठो हय रुतता. जरा काढ."
सुरी आणायला गेलो. तिथेच बसून रडलो.