कोर्टानं कारण विचारलं नाही

आप्पा,

काल माझा घटस्फोट झाला. हे वाक्य सकाळपासून दोनदा लिहून खोडलं, कारण हा शब्द तुमच्यापुढं मी कधी उच्चारलेला नव्हता. तुम्ही त्याला काडीमोड म्हणायचात, आणि तो वळसंगच्या चावडीपुढं पंचांसमोर व्हायचा. त्या पंचांत तुम्हीही असायचात. माझा झाला तो सोलापूरच्या कोर्टात, दोन खटल्यांच्या मधल्या जेमतेम वेळात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरातली मोठी गोष्ट आधी तुमच्या कानावर घालायची सवय गेलेली नाही. मी ठीक आहे, हे आधी सांगते. काल घरी येऊन पिठलं-भाकरी केली आणि पोटभर जेवले.

एक दिवस सारखा आठवतो. मी लहान आहे, चावडीच्या कट्ट्याआड उभी आहे. समोर एक तरणी बाई डोईवरचा पदर दातांत धरून बसली आहे, नवरा लांब पाठ करून बसला आहे. तुमच्या हातात कडब्याची काडी. तुम्ही विचारता, त्याचा काय त्रास हाय? ती म्हणते, "तरास काय न्हाय. पर मला तितं ऱ्हायाचं न्हाय." माणसं हसतात. कुणीतरी विचारतं, कालवणात मीठ कमी पडलं का गं? तुम्ही हसत नाही. काडी खाली ठेवता आणि म्हणता, "कारण सांग, पोरी. कारणाबिगर काडी मोडत न्हाय." तिला कारण सांगता आलं नाही. संध्याकाळी ती नवऱ्यामागून चालत गेली. घरी येताना मी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात की असं कुणाच्याही मनावर सोडलं तर गावात एक घर उभं राहणार नाही, आणि पुरुषांच्या बैठकीत कान लावते म्हणून मला रागावलात. तुम्ही न्यायानं वागत होता, हे मला आजही पटतं. ती बाई पुढं कशी नांदली असेल, हेही अजून मनात येतं.

तुमचे जावई वाईट नव्हते. मारलं नाही, टाकून बोलले नाहीत, कसलं व्यसन नाही. पहिली काही वर्षं मुलाची वाट बघण्यात गेली. पुढं वाट बघणं थांबलं, तसं बोलणंही थांबलं. एसटी स्टँडवरच्या बाकावर दोन अनोळखी माणसं बसावीत तसे आम्ही त्या घरात बसायचो. शेवटी मी शिकवते त्या शाळेजवळ खोली घेतली. जुन्या पद्धतीनं मोडावं तर जाणते पंच उरले नव्हते, आणि ह्यांना सरकारी नोकरीसाठी कोर्टाचा कागद हवा होता. वकील म्हणाले, "छळ लिहा बाई, सगळेच लिहितात." अर्ज घरी आणला आणि सही करवेना. मला टायफॉइड झाला होता तेव्हा ह्याच माणसानं रोज सकाळी माझी वेणी घातली होती, वेडीवाकडी. त्याच्याविरुद्ध शपथेवर काय लिहायचं? मग कायदा बदलला. दोघांनी मिळून अर्ज करायचा, एकत्र राहणं जमत नाही एवढं लिहायचं, दोष कुणाचाच नाही. वकिलांनी समजावून सांगितलं आणि त्यांच्या जिन्यातच मला रडू आलं. ते दुःखाचं नव्हतं.

अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, आणि तेवढ्यात एकजण फिरला तर सगळं बारगळतं. त्यांच्या भावकीनं त्यांचे कान भरले, की तूच दावा लाव, बायको वांझ आहे म्हण. त्या धास्तीतच मी वस्तूंच्या वाटणीसाठी शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी गेले. तुम्ही लग्नात सगळ्या भांड्यांवर जावयाचं नाव घालून घेतलं होतं, आठवतं? आई म्हणत होती, पोरीचं घाला. तुम्ही म्हणालात, साहेबाचं नाव शोभून दिसतंय. सासूबाईंनी तांब्याची घागर माझ्यापुढं फिरवली. "शिकलेली हायस न्हवं? वाच की, कुणाचं नाव हाय." मी वाचलं. खोटं कसं वाचणार? तेवढ्यात हे आतून आले.

"आई, नाव माझं हाय, भांडी तिची हायत. तिच्या आप्पांनी दिल्यात."

"मग मी अंगुळीचं पाणी कशात तापवू?"

मी म्हटलं, बंब राहू द्या. सासूबाईंनी तो लगेच मोरीच्या दारापर्यंत सरकवला, माझं मन बदलेल या भीतीनं. आम्ही दोघंही हसलो, आणि हा माणूस फिरणार नाही हे मला तेव्हा कळलं.

काल जज्जसाहेबांनी एवढंच विचारलं, की कुणाचा दबाव नाही ना, नीट विचार केलाय ना. आधी ह्यांनी उत्तर दिलं, मग मी. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "टांगा बघू का?" मी म्हटलं, चालत जाईन. पायांना वजनच नव्हतं.

हे पत्र वहीतच राहणार आहे. कायदा उशिरा आला म्हणून थांबले, असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरंच आहे. पण तुम्ही असता, तर काल कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसला असता आणि घरी आल्यावर मला समोर बसवून कारण विचारलं असतं. तुमच्यापुढं गप्प राहणं मला कधीच जमलं नाही. मी त्या माणसावर काहीतरी आळ घेतला असता, आणि तुम्ही तो खरा मानला असता. तुम्ही नव्हता, आप्पा, याचं काल मला बरं वाटलं.